जर्मन सोडून जपानी धरू का?

पत्र : ताई, मी 24 वर्षांची, मूळची इचलकरंजीची. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षांपासून पुण्यात खराडीला एका कंपनीत अकाउंट्स पेएबलमध्ये (पुरवठादारांची बिलं भागवणाऱ्या खात्यात) आहे. क्लायंट युरोपातला, पण माझं काम सगळं इंग्रजीत. कॉलेजात असताना जर्मन शिकायला लागले, त्याच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पातळ्या असतात, गेल्या वर्षी त्यातली दुसरी, ए-टू पास झाले आणि तिथेच थांबले. आता रूममेट म्हणते, जर्मनीचं काही खरं नाही, जपानी कर, जपानला माणसं हवी आहेत. गावाकडचा एक एजंट म्हणतो, अडीच लाख भरा, आठ महिन्यांत बी-वन करून घेतो आणि जर्मनीत नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला, म्हणजे कामावर राहून शिकायला, पाठवतो, पहिल्या महिन्यापासून पगार. बाबा म्हणतात, भाषांतर आता मशीन करतं, भाषेवर पैसे घालवू नकोस. मला बाहेर जायचंय एवढं नक्की. कोणती भाषा धरू? आणि नोकरी सोडून पूर्णवेळ भाषाच करू का?
— द्विधा, खराडी

उत्तर :

तू ताई म्हणालीस, म्हणून मीही अगंतुगंवर येते.

आधी निकाल सांगते, मग कारणं. जर्मन सोडू नकोस. नोकरीही सोडू नकोस. आणि त्या एजंटाला तूर्तास एक रुपयाही देऊ नकोस.

तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू सहज लिहून गेलीस : ‘ए-टू पास झाले आणि तिथेच थांबले.’ पुण्यात ए-टूवर थांबलेली माणसं गल्लोगल्ली भेटतील. ए-वनचा उत्साह असतो, ए-टू त्याच्या जोरावर निघतं आणि बी-वनला वाक्यं लांबायला लागली, क्रियापद पार शेवटी जायला लागलं की ऑफिसची शिफ्ट आठवते. ए-टू म्हणजे अर्धा शिजलेला भात. डब्यात परत भरून ठेवता येत नाही आणि ताटातही वाढता येत नाही. नोकरीच्या बाजारात ए-टूला जवळजवळ किंमत नाही. बी-वनला थोडी आहे. खरं दार उघडतं ते बी-टूला. तू आता जपानी सुरू केलंस, तर दोन वर्षांनी तुझ्याकडे जर्मनचं ए-टू आणि जपानीचं एन-फोर (पाच पातळ्यांतली खालून दुसरी, एन-वन सगळ्यात वरची) असेल. म्हणजे दोन भाषा, आणि दोन्हींत तुला फोनवर कोणी काही विचारलं तर घाम फुटेल.

जपानीबद्दल माझ्या मनात अढी नाही. सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे बाग ओकायामाच्या बागेवर बेतलेली आहे, इतकं पुण्याचं जपानशी जुनं सूत आहे. जपानला माणसं हवीत हेही खरं. ऑगस्ट 2025 मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत 5 लाख लोकांच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला, त्यात भारतातून जाणारे 50,000 कुशल लोक धरलेले आहेत. मराठी माणसाला जपानी वाक्याची घडणही परकी वाटत नाही, क्रियापद शेवटी आणि विभक्ती नामाच्या मागे, अगदी आपल्यासारखी. पण त्या आकड्यात तुझी जागा कुठे आहे, हे रूममेटने सांगितलं का? 2019 पासून जपानचा जो ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसा सुरू आहे, त्यात वृद्धसेवा, शेती, बांधकाम, हॉटेल, कारखाने अशी क्षेत्रं आहेत. तिथे एन-फोरच्या पातळीची भाषा चालते, कारण काम हाताचं असतं. अकाउंट्ससारखं टेबलावरचं काम हवं तर कंपन्या साधारण एन-टू मागतात, आणि रोजच्या वापराच्या कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरंच, 2,136 आहेत. नोकरी सांभाळून एन-टूला तीन वर्षं लागली तर त्यात नवल नाही. वर, जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं तपासतच नाहीत, त्यामुळे प्रमाणपत्र हातात आणि तोंडात शब्द नाही अशी मुलंही मी पाहिली आहेत. तू 18 वर्षांची असतीस आणि पाटी कोरी असती, तर मी तुझ्याशी वेगळं बोलले असते.

आता बाबांचा मुद्दा. ते निम्मे बरोबर आहेत, आणि तो निम्मा भाग नीट समजून घे. कोलोनची डीपएल ही मशीन भाषांतराची सेवा 2017 मध्ये आली, तेव्हापासून साध्या कागदपत्रांच्या भाषांतराचं काम आटत गेलं आहे. ‘जर्मन येतं म्हणून भाषांतरकार होईन’ असं कोणी आज मला म्हणालं, तर मी त्याला दुसरं काय येतं ते आधी विचारते. तुझ्या स्वतःच्या खात्यातच बघ. 1 जानेवारी 2025 पासून जर्मनीतल्या कंपन्यांना एकमेकींची इलेक्ट्रॉनिक बिलं स्वीकारता येणं बंधनकारक झालं आहे. पीडीएफ नव्हे, मशीनला थेट वाचता येईल अशी बिलं. म्हणजे बिल वाचून आकडे सिस्टिममध्ये भरणं, हे जे काम खराडी-हिंजवडीत हजारो जण करतात, ते भाषा येवो न येवो, कमीच होत जाणार.

पण मशीनने बिल वाचल्यावर उरतं काय? उरते कटकट. जर्मनीत व्यापारी बिलावर ‘स्कोंटो’ देण्याची पद्धत आहे : दहा-चौदा दिवसांत पैसे भरले तर साधारण दोन-तीन टक्के सूट. क्लायंटने सतराव्या दिवशी सूट कापून पैसे पाठवले की पुरवठादार चिडतो. मग त्याचं पहिलं ‘मानुंग’, म्हणजे थकबाकीचं स्मरणपत्र येतं, मग दुसरं, आणि तिसऱ्यात वकिलाचं नाव. श्टुटगार्टजवळच्या एखाद्या गावात साठ माणसांचा कारखाना चालवणारा मालक इंग्रजीत भांडायला तयार नसतो. तो फोन करतो, आणि त्याला पलीकडे असं कोणीतरी हवं असतं, ज्याला 19 टक्के आणि 7 टक्के विक्रीकरातला फरक कळतो, सॅप या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती एन्ट्री कुठे अडकली आहे ते दिसतं आणि जे त्याच्या भाषेत त्याला शांत करू शकतं. हे माणसाचं काम आहे आणि अजून बराच काळ राहील. तुझ्याकडे यातला हिशेबाचा भाग आधीच आहे. सॅप रोज समोर उघडं असेल. कमी आहे ती फक्त भाषा. आणि नुसती भाषा येणाऱ्या मुलीला जे शिकायला दोन वर्षं लागतील, ते तू पगार घेऊन शिकली आहेस! बाबांना हे असं सांगून बघ. गिरणीच्या गावचा माणूस आहे, मशीन आल्यावर कोण टिकतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

तर रस्ता कसा? मला तो पुण्यातूनच सुरू होताना दिसतो. ‘बाहेर जायचंय’ म्हणणाऱ्या मुलांना हे ऐकायला आवडत नाही, मला कल्पना आहे. पण खराडी, मगरपट्टा, हिंजवडीतल्या शेअर्ड सर्व्हिस सेंटरमध्ये (परदेशी कंपन्यांची हिशेबासारखी कामं इथून करणाऱ्या कचेऱ्यांत) ‘जर्मन प्रोसेस’साठी माणसं शोधतात, तेव्हा जर्मन येणारे बी.ए. पुष्कळ सापडतात आणि अकाउंट्स येणारे बी.कॉम. त्याहून पुष्कळ. दोन्ही येणारे शोधताना एचआरच्या नाकी नऊ येतात. बी-टू झाल्यावर आधी तुझ्याच कंपनीत ‘इंटर्नल जॉब पोस्टिंग’ बघ. बऱ्याच ठिकाणी मूळ पगाराखेरीज लँग्वेज अलाउन्स वेगळा मिळतो, आणि तो पातळीवर ठरतो. मग येते ‘ट्रान्झिशन’. जर्मनीतलं एखादं काम पुण्यात हलवायचं ठरलं की इथली दोन-चार माणसं काही आठवडे तिकडे जाऊन काम समजून घेतात. ज्याला ऑफिसातलं बोलणं कळतं, त्याचं नाव त्या यादीत वर असतं. कंपनीचं जर्मनीत ऑफिस असेल तर अंतर्गत बदलीचा आयसीटी परवानाही असतो. तज्ज्ञ किंवा व्यवस्थापक म्हणून तीन वर्षांपर्यंत राहता येतं, आधी किमान सहा महिने त्याच कंपनीत सलग नोकरी हवी.

आणि जर्मनसाठी जर्मनीतच जायला हवं असंही नाही. पोलंडमधलं क्राकुव किंवा व्रोत्सवाफ, हंगेरीतलं बुडापेस्ट, स्लोव्हाकियातलं ब्रातिस्लावा या शहरांत तुझ्यासारखंच काम करणारी मोठी सेंटर्स आहेत, आणि त्यांच्या जाहिरातींत अकाउंट्स अधिक जर्मन ही मागणी सतत दिसते. आपल्याकडे कोणी तिकडे बघतच नाही. सगळ्यांची नजर म्युनिकवर, आणि म्युनिकची घरभाडी बघितल्यावर मग डोळे पांढरे.

थेट जर्मनीत जायचं तर हिशेब घालून बघू. 1 जून 2024 पासून जर्मनीने ‘शान्सेनकार्ट’ सुरू केलं आहे, नोकरी शोधायला एक वर्ष राहण्याचा परवाना. पदवी आणि भाषेची किमान अट पूर्ण केली की निदान सहा गुण जमवायचे. तुझं वय 35 च्या आत, त्याचे दोन. शिक्षणाशी जुळणारा गेल्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा अनुभव, त्याचे दोन. ए-टूचा एक. झाले पाच! एका गुणाने हुकलं. बी-वनला भाषेचे दोन मिळतात, बी-टूला तीन. इंग्रजीची सी-वन पातळी सिद्ध केलीस तर त्याचाही एक आहे, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तू आजही जाऊ शकशील. पण जाऊ नकोस. या परवान्यासाठी वर्षभराच्या खर्चाचे सुमारे 13,000 युरो आधी दाखवावे लागतात, तिथे गेल्यावर आठवड्याला 20 तासच काम करता येतं, आणि तोडकंमोडकं जर्मन घेऊन कोणत्याही अकाउंट्स खात्यात तुला मुलाखतीच्या पुढे कोणी नेणार नाही. वर्षभर गोदामात पेट्या उचलून परत येण्यासाठी तेवढे पैसे अडकवण्यात काय अर्थ?

ब्ल्यू कार्ड, म्हणजे पदवीधरांना नोकरीवर मिळणारा युरोपातला परवाना, त्याबद्दल ऐकलं असशील. त्याला जर्मन लागत नाही, हे खरं आहे. लागतो तो पगार : 2025 साठी ही मर्यादा वर्षाला 48,300 युरो होती, कमतरतेच्या क्षेत्रांना आणि नुकतेच पदवीधर झालेल्यांना थोडी कमी. आयटीवाले त्यात बसतात. तीन वर्षांचं बी.कॉम. आणि दोन वर्षांचा अनुभव यावर तो पगार पहिल्याच उडीत मिळणं अवघड आहे, उगाच खोटी आशा लावत नाही. मात्र ज्यांना मिळतं त्यांनाही पुढे भाषेशी गाठ आहेच. बी-वन असेल तर 21 महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, नुसतं ए-वन असेल तर 27 महिने थांबावं लागतं.

आता एजंट. यावर जरा जास्त बोलते, कारण हल्ली कोल्हापूर-सांगलीपासून लातूरपर्यंत हेच चाललं आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, पेपरात 10,000 चा आकडा आला, आणि त्यानंतर ज्याच्या दुकानावर काल झेरॉक्सची पाटी होती तोही ‘जर्मनी कन्सल्टंट’ झाला.

आउसबिल्डुंग ही काही फसवणूक नाही. जर्मनीची ती जुनी, भक्कम पद्धत आहे : दोन ते साडेतीन वर्षं, काही दिवस शाळेत आणि काही दिवस कामावर, दरमहा मानधन. नर्सिंगचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, 2020 पासून नव्या कायद्याने एकत्र केलेला, आणि त्याला विद्यार्थ्याकडून फी घ्यायची नसते. सार्वजनिक रुग्णालयांच्या वेतनकरारात पहिल्या वर्षालाच 1,300 युरोंच्या वर मिळतात. एजंट ‘पहिल्या महिन्यापासून पगार’ म्हणतो ते इथवर खरं आहे. तो सांगत नाही ते असं की काम तीन पाळ्यांचं असतं, पहाटे सहाला हजर व्हायचं असतं, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, डायपर बदलायचे, आणि वर्गात शरीरशास्त्र जर्मनमधून शिकून त्याच भाषेत राज्याची परीक्षा द्यायची. हे थोर काम आहे. पण तुझ्या सबंध पत्रात, तुला माणसांची सेवा करायची आहे असं एक अक्षर नाही. तुला बाहेर जायचंय, आणि त्याच्याकडे त्या महिन्यात नर्सिंगच्या जागा आहेत, एवढाच तुम्हा दोघांचा मेळ आहे. मन नसताना त्यात गेलेली मुलं मधेच सोडतात, आणि आउसबिल्डुंग सुटली की तिच्यावर दिलेला परवानाही धोक्यात येतो.

आणि अडीच लाख कशाचे, ते त्याला लेखी विचार. भाषेच्या वर्गाची फी असेल तर वर्ग कोण घेतं, परीक्षा कोणाची, मान्यता असलेली गॉएथे किंवा टेल्क, की आणखी कुठली ‘इंटरनॅशनल’? नोकरी लावून द्यायचे असतील तर त्याच्याकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी हवी. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली ती लागते आणि ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर नाव टाकून तपासता येते. नोंदणीकृत एजंटालाही सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. म्हणूनच पावतीवर ‘ट्रेनिंग’, ‘डॉक्युमेंटेशन’, ‘काउन्सेलिंग’ असे शब्द येतात. केरळ बघ. तिथल्या सरकारच्या नोर्का रूट्स या संस्थेने डिसेंबर 2021 मध्ये जर्मनीच्या सरकारी यंत्रणांशी ‘ट्रिपल विन’चा करार केला. त्यात परिचारिकांकडून भरतीचे पैसे घेत नाहीत, खर्च तिकडचा मालक उचलतो. जिथे मालकाला माणसाची इतकी गरज आहे, तिथे माणसानेच अडीच लाख का भरायचे?

तुला आउसबिल्डुंगच करायची असेल तर तुझ्या विषयातली आहे की. ‘इंडुस्ट्रीकाउफफ्राउ’ म्हणजे कारखान्याच्या खरेदी-विक्री-हिशेबाचं शिक्षण, किंवा ‘श्टॉयरफाखआंगेश्टेल्टे’, करसल्लागाराच्या कचेरीतली सहायक. दुसऱ्यात तीन वर्षांत डाटेव हे तिकडचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि जर्मन करकायदा हाताखालून जातो, आणि करसल्लागारांच्या कचेऱ्यांना माणसं खरोखर कमी पडतात. एजंट हे सांगत नाहीत, कारण इथे बी-वनवर निभत नाही आणि मालक स्वतः मुलाखत घेतो. पदवीधर होऊन पुन्हा शिकाऊ व्हायचं, हे घरच्यांना पटवणं मात्र तुझ्याकडे लागलं. ही शिक्षणं बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि जागा जवळपास वर्षभर आधी जाहीर होतात. जर्मन रोजगार कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्या कोणालाही फुकट दिसतात.

राहिला नोकरीचा प्रश्न. पूर्णवेळ भाषा करायला नोकरी सोडलीस तर सात-आठ महिन्यांत बी-टू होईलही. पण शान्सेनकार्टचे अनुभवाचे गुण असोत की मुलाखतीत सांगायचं काम, तुझं खरं भांडवल ती खुर्ची आहे. शनिवार-रविवारची बॅच धर, दीड वर्ष लागेल असं गृहीत धर. मॅक्स म्युलर भवन, रानडे इन्स्टिट्यूट किंवा एखादा चांगला खासगी वर्ग, तिन्ही चालतील. वर्ग निवडताना फक्त एक बघ, शिक्षक मराठी-इंग्रजीत व्याकरण समजावण्यात तास घालवतात की तुला बोलायला लावतात. वर्षभराची गंज चढली आहे म्हणून ए-वनपासून पुन्हा सुरुवात करू नकोस, क्लासवाले तसं सुचवतील. महिनाभर डॉइच वेल्ले या जर्मन प्रसारण संस्थेचे मोफत धडे आणि संथ गतीने वाचलेल्या बातम्या ऐक, जुनं सगळं वर येतं. तिन्ही लिंगं मराठी माणसाला नवी नाहीत, तो-ती-ते आपण दुधाबरोबर प्यायलो आहोत. त्यांचं कुठलं नाम कुठल्या खोलीत राहतं एवढंच घोकायचं.

गॉएथेची बी-वन आणि बी-टू परीक्षा वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं अशा चार स्वतंत्र भागांत देता येते, प्रत्येकात 100 पैकी 60 लागतात. एखादा भाग अडला तर तेवढाच पुन्हा द्यायचा. नोकरी करणाऱ्यांना हे वरदान आहे. पहिल्या फटक्यात चारही निघालेच पाहिजेत असा हट्ट धरू नकोस. बहुतेकांचं ऐकणं किंवा बोलणं अडतं, त्याला उपाय एकच. ऑफिसात जर्मन टीम असेल तर त्यांच्या कॉलवर नुसतं बसायची परवानगी मॅनेजरकडे माग. काम वाढतंय म्हणून कोणी नाही म्हणत नाही. शिवाय सहा महिन्यांनी जागा निघेल, तेव्हा तुझं नाव मॅनेजरला सांगावं लागणार नाही.

एक किरकोळ गोष्ट राहिली. पदवीच्या मान्यतेसाठी ‘अनाबिन’ नावाची जर्मन सरकारी यादी आहे. तुझं विद्यापीठ आणि पदवी तिच्यात कशी नोंदली आहे ते आजच बघून ठेव. तिथे काही अडलं तर तुलनापत्र, म्हणजे आपली पदवी तिकडच्या कोणत्या पदवीइतकी ते सांगणारं पत्र, मागवावं लागतं. त्याला सुमारे 200 युरो लागतात आणि वेळही जातो. मार्कशीटवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव तंतोतंत जुळतं का तेही तपास. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, या एका भानगडीत आपल्याकडच्या मुलांचे महिने जातात.